गोष्ट कळावी, बाई कळू नये



बचत गटाच्या बैठकीत कधी कधी एखादी हळूच म्हणते, "मला रेडिओवर सांगायचंय, पण नाव नको आणि आवाजही ओळखू यायला नको." नवऱ्याची मारहाण, सासरचा जाच, कामावरचा त्रास याबद्दल एक बोलली की दहाजणींना धीर येतो. पण वरसे, रोहा, धाटाव, कोलाड हा सगळा भाग एकमेकींच्या ओळखीचा. आवाज ऐकला की "ही तर अमक्यांची सून" म्हणायला वेळ लागत नाही, आणि त्याची किंमत ती बाई घरी मोजते. म्हणून आज आवाज कसा बदलायचा आणि तो कुठे दगा देतो, ते पाहू.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर कायदाच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे अशा बाईची ओळख पटेल असं काही जाहीर करणं गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम २३ आहे.

आता कामाला लागू. संगणक, हेडफोन, माइक आणि 'ऑडॅसिटी' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढं पुरे. आधी संगणकाच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुट म्हणून आपलाच माइक निवडा. बोलल्यावर तिथली पट्टी हलली पाहिजे. मग ऑडॅसिटीत रेकॉर्डिंगसाठी तोच माइक निवडून लाल बटण दाबा. तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला माइक धरा, म्हणजे 'प', 'फ' म्हणताना फुंकर बसत नाही.

रेकॉर्डिंग झालं की कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा. 'इफेक्ट'मध्ये 'पिच अँड टेम्पो' आणि त्यात 'चेंज पिच' आहे. पिच म्हणजे आवाजाची पट्टी. बाईच्या आवाजात सेकंदाला साधारण २०० कंपनं असतात. तिथे सेमिटोनच्या चौकटीत उणे ४ लिहिलं की ती १६० च्या आसपास येतात. आवाज जाड होतो, पण बोलण्याचा वेग तोच राहतो. 'चेंज स्पीड' मात्र वापरू नका. त्याने वेगही बदलतो आणि जुनी कॅसेट रेंगाळावी तसं ऐकू येतं.

नेहमीच्या अडचणी पाहू.

आवाजच येत नाही: हेडफोनच्या वायरवरचं म्यूट बटण बघा. पिन नीट बसली आहे का, तेही बघा. मोठ्या संगणकाला माइकचं भोक बहुतेक वेळा गुलाबी असतं. दोन पिनांचा हेडफोन एकाच भोकाच्या लॅपटॉपला लावायचा तर जोडणी लागते. एवढं करूनही पट्टी हलत नसेल, तर सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी', मग 'मायक्रोफोन' उघडा आणि परवानगी सुरू करा.

आवाज लांबून येतो: संगणक बहुधा लॅपटॉपच्याच आतला माइक घेतो आहे. आपल्या माइकवर नखाने हलकेच टिचकी मारा. पट्टी उडी मारत नसेल, तर माइक पुन्हा निवडा.

शिट्टी किंवा घुमणं: स्पीकर बंद करा, हेडफोनवरच ऐका.

फाटका आवाज: इनपुटची पातळी कमी करा. पट्टी शेवटपर्यंत जाऊन लाल होता कामा नये.

गुणगुण: पंखा बंद करा, लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंग नकोच.

यंत्रासारखा आवाज: ४ ऐवजी ३ करून बघा. शब्द कळले नाहीत, तर सांगून उपयोग काय?

बोलता बोलता आवाज बदलणारी सॉफ्टवेअरंही मिळतात. ती संगणकात एक खोटा माइक तयार करतात. कॉल करताना तो निवडायचा राहिला, तर खरा आवाज जसाच्या तसा पलीकडे जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून जिच्या जिवाचा प्रश्न आहे, तिचं बोलणं थेट प्रसारित करू नका. आधी रेकॉर्ड करा, बदला, ऐका, मगच पाठवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पट्टी बदलली तरी बोलण्याची लकब, आगरी बोलीतला हेल, तोंडात बसलेले शब्द तसेच राहतात. "माझे मिस्टर धाटावच्या कंपनीत, मला दोन मुली, थोरली दहावीला" एवढ्यावरून बाई ओळखू येते. गावं, कंपनी, मुलांची संख्या, तारखा आधी काढून टाका. शिवाय ४ ने उतरवलेली पट्टी कुणी ४ ने चढवली, तर मूळ आवाज बराचसा परत येतो.

म्हणून खरी भीती असेल, तर सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे तिचं म्हणणं लिहून घ्या आणि लांबच्या गावातल्या दुसऱ्या बाईकडून वाचून घ्या. "आवाज दुसऱ्या व्यक्तीचा आहे" असं श्रोत्यांना सांगा. त्यात खोटेपणा नाही.

प्रसारणाआधी तयार फाइल तिला ऐकवा आणि तिची परवानगी घ्या. ती नको म्हणाली, तर विषय संपला. काम झाल्यावर मूळ रेकॉर्डिंग संगणकातून, रिसायकल बिनमधून, फोनमधून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरूनही काढून टाका. आवाज बदललेला असूनही मूळ फाइल गटात फिरली, तर सगळी मेहनत पाण्यात.

आणि बोलणारीला आत्ताच मदत हवी असेल, तर रेडिओची वाट बघायची नाही. महिला हेल्पलाइन १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीत एखादी ओवी किंवा भाकरीची कृती रेकॉर्ड करा, आवाज बदला आणि कोण बोलतंय ते एकमेकींना ओळखायला सांगा. लगेच ओळखू आलं, तर का ओळखू आलं ते लिहून ठेवा. हात बसला की मगच कुणाची खरी गोष्ट हाती घ्या.