मान अचानक आखडल्यास काय करावे?

रात्री झोपताना काहीही त्रास नसतो आणि सकाळी अंथरुणातून उठताना मानेत एकदम कळ येते. डोके एका अंगाला कललेले राहते, मागे पाहायचे तर सगळे अंग फिरवावे लागते. ग्रामीण भागात यालाच मान धरणे, मान आखडणे किंवा उसण भरणे असे म्हणतात. दुखणे बहुधा किरकोळ असते व काही दिवसांत कमी होते. पण ऐन हंगामात बागेची किंवा पेरणीची कामे अडतात, आणि घाईने केलेल्या उपायांनी मूळ दुखण्यापेक्षा मोठे नुकसान होऊ शकते.

मानेत ७ मणके असतात. त्यांच्या मागील बाजूस दोन्हीकडे लहान सांधे व मणक्यांच्या मध्ये चकत्या असतात. मान बराच वेळ वाकडी राहिली किंवा एकदम हिसका बसला, की यांपैकी एखादा सांधा किंवा चकती दुखावते. दुखावलेला भाग हलू नये म्हणून भोवतालचे स्नायू आपोआप ताठ होतात. म्हणजे ताठलेला स्नायू हा दुखऱ्या सांध्याभोवती शरीराने घातलेले कुंपणच होय. जोर करून मान वळविल्यास ते अधिकच घट्ट होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

डोक्याचे वजन साधारण ४.५ ते ५ किलो असते. मान सरळ असताना ते मणक्यांवर तोलले जाते, वाकल्यावर मात्र स्नायूंना धरून ठेवावे लागते. द्राक्षबागेत मंडपाखाली मान वर करून तासन्‌तास थिनिंग व डिपिंग करणे, रोटाव्हेटर चालविताना सारखे मागे वळून पाहणे, डोक्यावरून वैरणीचा भारा वाहणे, राखणीला गेल्यावर उशाला पोते किंवा पायताण घेऊन झोपणे ही आपल्याकडील नेहमीची कारणे आहेत.

पहिले दोन दिवस

अंथरुणाला खिळून राहू नये. ताण पडणारी कामे तेवढी बंद ठेवावीत, हिंडणे-फिरणे चालू ठेवावे. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून दिवसातून तीन-चार वेळा १५ ते २० मिनिटे शेक द्यावा. तव्यावर तापविलेल्या वाळूची पुरचुंडीही चालते, मात्र ती आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहावी. मधुमेहामुळे ज्यांच्या कातडीची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी विशेष जपावे. भाजलेले कळत नाही.

शेकल्यानंतर उताणे झोपून डोके उशीवर ठेवावे. उशीवरून डोके न उचलता ते आधी न दुखणाऱ्या बाजूस व मग दुखणाऱ्या बाजूस सावकाश वळवावे. कळ सुरू होण्याच्या अलीकडेच थांबावे. असे ५ ते १० वेळा, दर दोन-तीन तासांनी करावे. बसून दोन्ही खांदे मागे फिरवावेत. एवढे पुरे. मानेचा पट्टा सतत बांधू नये, त्याने स्नायू दुबळे होतात व ताठरपणा लांबतो. दुखणे थांबविणारी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार, पोटात व्रण किंवा रक्तदाब असल्यास तर नक्कीच.

फिजिओथेरपीचे उपचार

फिजिओथेरपी तज्ज्ञ प्रथम मान कोणत्या दिशेने किती वळते आणि हाताची ताकद व संवेदना ठीक आहे का, हे तपासतात. नंतर हलका मसाज करून सांध्यांना हाताने सावकाश हालचाल देतात. एक पद्धत विशेष उपयोगी पडते. मान जेथवर न दुखता वळते तेथे थांबवून रुग्णास तज्ज्ञाच्या हाताविरुद्ध उलट दिशेने डोके ५ ते ६ सेकंद हलकेच दाबावयास सांगतात. मग स्नायू सैल सोडावयास लावून मान थोडी पुढे वळवितात. चार-पाच वेळा असे केल्यावर पुष्कळदा मान त्याच बैठकीत बरीच मोकळी होते. विजेच्या शेकाच्या यंत्रांनी तात्पुरता आराम पडतो, पण केवळ यंत्राखाली झोपून घरी येणे म्हणजे पूर्ण उपचार नव्हेत. व्यायाम शिकून घ्यावा.

कळ कमी झाल्यावर हनुवटी आत ओढून ५ सेकंद धरावी. तसेच तळहात कपाळावर, डोक्यामागे व दोन्ही बाजूंस ठेवून, डोके न हलविता हलका दाब द्यावा. प्रत्येकी ५ वेळा, दिवसातून दोनदा.

मान मोडून घेऊ नये

दाढी-कटिंगच्या दुकानात मान कडकन मोडून घेण्याची सवय पुष्कळांना आहे. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. हिसक्याने त्यांना इजा होऊन पक्षाघात झाल्याचे प्रकार वैद्यकीय क्षेत्रात नोंदले गेले आहेत. पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीतही आहे. नुसता स्पर्श असेल तर बिघडत नाही, दुखणे चार दिवसांत तसेही उतरते आणि श्रेय पायाळूला मिळते. लाथ मात्र खाऊ नये.

दवाखान्यात ताबडतोब केव्हा जावे?

झाडावरून, बैलगाडीवरून किंवा ट्रॅक्टरवरून पडल्यानंतर मान दुखत असल्यास मान न हलविता न्यावे. ताप व तीव्र डोकेदुखीसह मान ताठल्यास मेंदूज्वराची शंका घ्यावी. पायात काटा, खिळा किंवा अवजार लागल्यानंतर काही दिवसांनी मानेबरोबर जबडाही आवळू लागल्यास तो धनुर्वात असू शकतो; येथे शेकत बसण्यात जीव जाईल. हाताला मुंग्या किंवा कमजोरी, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, छातीत दुखून मान व जबड्यात कळ येणे हीही धोक्याची लक्षणे होत. उलटी थांबविण्याच्या काही औषधांनंतर मान वाकडी होऊन डोळे वर फिरतात, तेव्हा औषधाचे पाकीट बरोबर न्यावे. यांपैकी काही नसले तरी आठवड्यात फरक न पडल्यास तपासून घ्यावे.

कामाची पद्धत

मंडपाखाली दर १५-२० मिनिटांनी मान खाली आणून खांदे फिरवावेत. बुटक्या मजुरास उभे राहण्यास भक्कम पाट द्यावा, म्हणजे घड डोळ्यांजवळ येतात. ट्रॅक्टरला मागचे आरसे बसवावेत व मागे पाहताना कंबरेतून वळावे. १६ लिटरचा पाठीवरचा पंप भरल्यावर २० किलोच्या आसपास जातो. त्याचे दोन्ही पट्टे सारखे करून खांद्यावर जाड कापड घ्यावे. झोपताना पालथे झोपू नये, व राखणीला जाताना घरची एक पातळ उशी सोबत न्यावी.