रोही, रानडुक्कर आणि बंदुकीची गोळी



तूर फुलोऱ्यावर आली आणि हरभरा वीतभर वर आला की वडनेर भोलजीच्या शिवारात रात्रीची जागल सुरू होते. महामार्गावर ट्रकची रांग चालू असते आणि अलीकडे धुऱ्यावर कुणीतरी शेकोटीजवळ पत्र्याचा डबा बडवीत बसलेले असते. रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचे काय करतो, हे आपणांस मी सांगायला नको. रानडुक्कर तर खाते कमी आणि उकरून, लोळून नासाडीच जास्त करते.

अशाच दिवसांत एका बैठकीत हरभऱ्यावरील घाटेअळीची माहिती सांगून झाली आणि काही शंका आहेत का, असे मी विचारले. मागच्या रांगेतून प्रश्न आला, "साहेब, अळीचं जाऊ द्या. रोह्यावर कोनती गोळी मारली म्हनजे मटन खराब होत नाई?"

सगळे हसले. पण विचारणारा गडी थट्टा करीत नव्हता. पीक गेले, निदान मांस तरी पदरात पडावे, असा त्याचा सरळ हिशेब होता. आमच्या कृषी पदविकेत हा विषय नव्हता, म्हणून त्या दिवशी मी उत्तर टाळले. नंतर परवानाधारक बंदूकवाल्यांशी बोललो, वनकर्मचाऱ्यांशी बोललो, कायदाही वाचून काढला. उत्तर आज देतो.

आधी गोळीचे सांगतो, कारण विचारले तेच होते. रायफलीची गोळी म्हणजे आत शिसे आणि वरून तांब्याचे पातळ आवरण. हे आवरण टोकापर्यंत बंद असेल तर गोळी शरीरातून सुईसारखी आरपार जाते. भोक लहान पडते, मांस फारसे नासत नाही, पण जनावर जागेवर पडत नाही. टोकाला शिसे उघडे ठेवलेले असेल, म्हणजे नरम टोकाची गोळी असेल, तर ती आत शिरताच भुईछत्रासारखी पसरते. जखम मोठी होते आणि जनावर लवकर पडते. आता हीच नरम गोळी वजनाने हलकी आणि वेगाने फार जलद असली तर हाडावर आदळून फुटते आणि तिचे तुकडे चहूकडे उडतात. आजूबाजूचे मांस रक्ताळून काळे-निळे पडते. फऱ्यावर अशी गोळी बसली तर तो अख्खा फरा टाकून द्यावा लागतो. उलट जड, मध्यम वेगाची आणि अखंड राहणारी गोळी नासाडी कमी करते.

जिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे आणि मांस घरात खाल्ले जाते, त्या अमेरिका-जर्मनीसारख्या देशांतले शिकारी याच हिशेबाने गोळी निवडतात. पण तेही सांगतात की गोळीपेक्षा नेम महत्त्वाचा. पुढच्या पायाच्या लगेच मागे, बरगड्यांतून काळीज-फुप्फुसावर बसली तर कोणत्याही गोळीने मांस थोडेच बिघडते. पोटात बसली तर आतडी फुटून सगळाच घाण पसारा होतो, मग गोळी कितीही महागाची असो.

शिशाची दुसरी भानगड आहे आणि ती डोळ्याला दिसत नाही. फुटलेल्या गोळीचे बारीक कण जखमेपासून वीतभर, कधी त्याहूनही लांब जातात. काळे पडलेले मांस कापून टाकले तरी चांगल्या दिसणाऱ्या मांसात ते राहतात. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात शिकारी लोक गरिबांसाठी हरणाचे मांस दान करतात. विल्यम कॉर्नॅत्झर नावाच्या डॉक्टरांनी तशी शंभरेक पाकिटे सीटी स्कॅन यंत्राखाली तपासली, तेव्हा निम्म्याहून जास्त पाकिटांत धातूचे कण निघाले. मार्च २००८ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने दान आलेले ते मांस वाटू नका, टाकून द्या, असे कळविले. कॅलिफोर्निया राज्याने तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्णपणे बंद केली, कारण मेलेली जनावरे खाऊन तिथली मोठी गिधाडे मरत होती. तेथे आता निव्वळ तांब्याच्या गोळ्या वापरतात. त्या पसरतात, पण फारशा फुटत नाहीत. शिसे शरीरात किती गेले तर चालते, अशी सुरक्षित पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान लेकरांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत आधी होतो.

याला जोडून एक गोष्ट मी माझ्या खात्याची म्हणून सांगतो. आपण तुरीवर औषध फवारतो तेव्हा बाटलीवर लिहिलेले असते की इतके दिवस शेंगा तोडू नका. रोह्याला ते वाचता येत नाही. काल फवारलेल्या वावरात तो आज चरून जातो. त्याच्या मांसात काय उतरले, हे कोण तपासणार?

आता कायद्याचे. आपल्या वडीलधाऱ्यांना शिकारीच्या परवान्याचे दिवस आठवत असतील. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार पुरती बंद झाली. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. हरभऱ्यावर काळविटांचा कळप उतरला तरी त्यांच्यावर बंदूक रोखायची नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मारला तर किमान ३ वर्षे, कमाल ७ वर्षे कैद आणि निदान २५ हजार रुपये दंड आहे. रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत येतात. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली त्यांना मारण्याची लेखी परवानगी मिळू शकते. ती कशी द्यायची, याची कार्यपद्धती राज्याच्या वनविभागाने २०१५ साली ठरवून दिली. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे करायचा असतो.

आणि मांसाचे उत्तर कलम ३९ मध्ये आहे. परवानगीने मारलेला प्राणीही सरकारी मालमत्ता ठरतो. त्याचे मांस, कातडे, शिंग, काहीच आपले नाही. पंचनामा होतो आणि वनकर्मचारी त्याची विल्हेवाट लावतात. म्हणजे परवानगी खिशात असूनही ज्याने मांसाचे वाटे घातले, तो गुन्ह्यात अडकला. हे न कळल्यामुळे चांगल्या घरची पोरे कोर्टाच्या तारखा करताना मी पाहिली आहेत. वाटा घेणाराही त्यातून सुटत नाही, हे सरपंच आणि पोलीस पाटलांनी गावात स्पष्ट सांगितले पाहिजे.

तेव्हा मांस वाचविणारी गोळी हा हिशेब आपल्याकडे बादच होतो. राहिला प्रश्न एकच, जनावर एका गोळीत जागेवर पडेल का. माझ्या मते तो मांसापेक्षा मोठा आहे आणि बैठकीत तो कुणीच विचारला नाही.

मागे एका गावात ठासणीच्या बंदुकीने रोह्याला जखमी केले. तो लंगडत पऱ्हाटीत शिरला आणि दिसेनासा झाला. चार दिवसांनी वास सुटला तेव्हा सापडला. पोट फुगलेले, जखमेत अळ्या, कुत्र्यांनी मागचा भाग ओढलेला. तो पडला होता तिथून ओलिताची विहीर वीस पावलांवर होती. वेचणीला आलेल्या बायांनी त्या वावरात पाय ठेवायला नकार दिला. मालकाचे पीक रोह्याने जेवढे खाल्ले असते, त्याहून जास्त त्या आठवड्यात झाडावरच राहिले. त्या जनावराने चार दिवस काय भोगले, ते आणखी वेगळेच.

असे का होते, ते बंदुकीवरून कळेल. पूर्ण वाढलेला रोही नर २०० किलोंच्या पुढे जातो, मानेची व छातीची कातडी जाड. रानडुकराच्या खांद्यावरही कूर्चेसारखा टणक थर असतो. शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी प्रामुख्याने ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे. तेवढ्याने भागत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याचीही तरतूद आहे. गावात सापडते ती ठासणीची किंवा बारा बोअरची. बारा बोअरच्या बारीक छऱ्याने रोही मरत नाही, फक्त भाजल्यासारखा उधळतो आणि पुढे जखम चिघळून मरतो. एल. जी. चे मोठे दाणे उपयोगाचे, पण तेही तीस-पस्तीस पावलांच्या आत. त्यापुढे दाणे पांगतात, एखादाच लागतो, तोही भलतीकडे. ठासणीच्या बंदुकीत खिळे, सायकलचे छरे भरणारे लोक आहेत. त्यांनी रोह्याचे सोडा, स्वतःच्या डोळ्यांचा विचार करावा.

ज्याच्याकडे .३१५ रायफलीचा परवाना आहे आणि परवानगीच्या आदेशात ज्याचे नाव आहे, त्यानेच हे काम करावे. त्या बोअरची नरम टोकाची गोळी जड असते, फार जलद नसते आणि रोह्याला ती पुरते. पूर्ण आवरणाची गोळी मात्र नको. ती जनावरातून निघून पुढे जाते, आणि पुढे काय आहे? आपला मुलुख पूर्णेच्या खोऱ्यातला, सपाट. आडवी टेकडी नाही, गोळी अडविणारा उंचवटा नाही. महामार्ग, रेल्वेमार्ग, शेताशेतांत ओलित करणारी माणसे, राखणदारांच्या खोपट्या. रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. म्हणून मचाणावरून, खाली जमिनीकडे तोंड करून, मागे मातीच येईल अशाच दिशेने बार काढायचा. अंधारात नुसते डोळे चमकले म्हणून गोळी सोडायची नाही; ते डोळे शेजाऱ्याच्या वगाराचेही असतात. रोह्याची मादी तांबूस आणि बिनशिंगाची असते, घाईत तिच्यात व दुसऱ्या हरणात फरक कळत नाही. ओळख पटली नाही तर बंदूक खाली.

तारेत करंट सोडणे आणि पिठात बारूद घालून ठेवणे, यांबद्दल मी फार लिहीत नाही. त्यांत माणसे मेली आहेत, गाईंची तोंडे फुटली आहेत. तसे करणाऱ्याला कुणी पाठीशी घालू नये.

मारण्यानेच प्रश्न सुटतो का, यावर देशात वाद झालेला आहे. जून २०१६ मध्ये बिहारमधील मोकामा भागात दोनशेहून अधिक रोही मारले गेले, तेव्हा केंद्रातलेच दोन मंत्री, मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर, उघडपणे समोरासमोर आले होते. शहरातल्या माणसाला जागलीचा त्रास कळत नाही, हे खरे. पण एका कळपातले दोन पाडले तर उरलेले शेजारच्या शिवारात जातात आणि चार-सहा दिवसांनी परततात, हेही जागल करणाऱ्यांनीच मला सांगितले आहे. गावाने मिळून सलग कुंपण केले, जागलीच्या पाळ्या लावल्या, तर त्याचा उपयोग जास्त दिवस टिकतो. एकट्याने कुंपण केले की कळप शेजाऱ्याच्या वावरात घुसतो आणि वैर वाढते ते निराळेच.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. २०२४ ची विधानसभा निवडणूक नोव्हेंबरात झाली, म्हणजे नेमकी तूर-हरभऱ्याच्या दिवसांत. कोणत्या बंदुका जमा करायच्या, हे जिल्ह्याची छाननी समिती ठरविते. पीक संरक्षणाचा परवाना असेल तर तसा अर्ज ठाण्यात वेळेवर द्या; आचारसंहिता लागल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

नुकसान झाले असेल तर दोन-तीन दिवस वाया जाऊ देऊ नका. वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. सातबारा जोडा. पायाचे ठसे, लेंड्या आणि खाल्लेल्या झाडांचे शेंडे यांचे फोटो मोबाईलवर काढून ठेवा. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात, यांची सरकारी नावे आता बदलली असली तरी माणसे तीच आहेत. ते येईपर्यंत त्या तुकड्यात वखर घालू नका. मागच्या हंगामात ओळखीच्या दोघांनी पंचनाम्याआधीच वावर साफ करून हरभरा पुन्हा पेरला, आणि मग दाखवायला काहीच उरले नाही.