दिवा विझला, पण ब्रेकचे काय?

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा रस्ता सलग उताराचा आहे. तिथे मालाने भरलेला ट्रक पुढच्या गाड्यांवर आदळला, की पहिले कारण ऐकू येते ते 'ब्रेक फेल'. ब्रेकमध्ये नेमके काय बिघडले, हे शोधण्याचे काम त्यानंतर सुरू होते.

अवजड ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये साधारण ८ बार दाबाने हवा भरतो. पॅडल दाबले की ती ब्रेक चेंबरमध्ये जाते, चेंबरचा दांडा पुढे सरकतो आणि लायनर ड्रमला घासतात. हवा पार गेली, तर मागच्या चाकांवरच्या दणकट स्प्रिंगा सुटून चाके जखडतात. म्हणजे नुसत्या गळतीने ट्रक सहसा मोकाट सुटत नाही.

यावर इलेक्ट्रॉनिक पहारा असतो. 'एबीएस' चाके जाम होऊ देत नाही. 'ईएससी' ही स्थिरता यंत्रणा वळणावर ट्रक घसरू किंवा कलंडू लागला, तर इंजिनाचा जोर कमी करून हव्या त्या चाकाला स्वतःच ब्रेक लावते. दोन्हींची भिस्त चाकाजवळच्या सेन्सरवर. हबवरच्या दातेरी कड्याचे दात, बहुधा १००, मोजून तो वेग कळवतो.

पिवळा दिवा लागला की स्कॅनर जोडतात. 'पुढचे डावे चाक, सेन्सर' असा कोड येतो आणि लगेच नवा सेन्सर मागवला जातो. घाई होते ती इथेच. त्या चाकाकडून संदेश नीट येत नाही, एवढेच कोड सांगतो. अनेकदा बेअरिंग ढिले असते. डगमगणारे कडे सेन्सरला मागे ढकलते. नवा सेन्सरही मग काही दिवसांत मागे सरकतो. म्हणून जाणता मिस्त्री आधी चाक उचलून बेअरिंगची ढिलाई पाहतो, सेन्सर कड्याला टेकेपर्यंत हाताने आत दाबतो, मीटर लावून चाक फिरवतो. दोन सेकंदांत एक फेरा झाला तर निदान ०.२ व्होल्ट एसी दिसायला हवा. मग वायर आणि गंजलेला प्लग. सेन्सरचा नंबर शेवटी. स्टिअरिंगचे किंवा अलाइनमेंटचे काम झाल्यावर ईएससीचा दिवा लागला, तर स्टिअरिंगच्या कोनाचा शून्य नव्याने ठरवावा लागतो. नाहीतर सरळ चाललेला ट्रक संगणकाला वळताना दिसतो.

पण दिवा विझला म्हणजे ब्रेक ठीक, असे मुळीच नाही. झिजलेले लायनर आणि ढिला स्लॅक अ‍ॅडजस्टर बहुतेक ट्रकमध्ये या दिव्याला कळतच नाहीत. डिझेल वाचवायला चालक उतारावर न्यूट्रल टाकतो, तेव्हा सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर जातो. दांड्याची धाव संपते तरी पकड येत नाही. हवेचा काटा मात्र पूर्ण दाब दाखवतो! तपासणी होईपर्यंत ड्रम थंड होऊन पुन्हा आकसलेला असतो. मागे राहतात ते निळसर डाग आणि बारीक तडे.

अशा वेळी खडू उपयोगी पडतो. चाकांना ठोकळे लावून, पार्किंग ब्रेक सोडून, इंजिन बंद ठेवून चेंबरच्या तोंडाशी दांड्यावर खूण करायची. एकाने केबिनमध्ये पॅडल पूर्ण दाबून धरायचे, दुसऱ्याने खाली दांडा किती बाहेर आला ते मोजायचे. 'टाइप ३०' या सर्रास वापरातल्या चेंबरसाठी अमेरिकी नियमांत ही मर्यादा २ इंच आहे.