राजापूर : कानाने मत देणारा मतदारसंघ

अर्जुना नदीच्या काठी, अरुंद चढणींनी आणि जांभ्या दगडाच्या पायऱ्यांनी बांधलेले राजापूर हे गाव इतिहासाच्या वाचकाला इंग्रजांच्या वखारीमुळे ठाऊक असते, आणि भाविकाला काही वर्षांच्या अंतराने अकस्मात अवतरून तितक्याच अकस्मात लुप्त होणाऱ्या गंगेमुळे. परंतु स्वतंत्र भारताच्या संसदेचे दप्तर ज्याने चाळले आहे त्याला हे नाव एका तिसऱ्याच कारणाने आठवते. १९५७ पासून २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत या नावाचा एक मतदारसंघ लोकसभेत होता, आणि त्यातल्या पहिल्या चौतीस वर्षांत या डोंगराळ, दरिद्री, दळणवळणावाचून अडलेल्या मुलखाने दिल्लीस केवळ दोनच माणसे पाठविली : बॅरिस्टर नाथ पै आणि प्राध्यापक मधु दंडवते.

उत्तरेस लांजा-राजापूरची सडे-कातळांची भूमी, दक्षिणेस गोव्याच्या हद्दीवरची तेरेखोलची खाडी, पूर्वेस सह्याद्रीचे घाट आणि पश्चिमेस समुद्र, अशी या मतदारसंघाची चतुःसीमा होती. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा टापू रत्नागिरी जिल्ह्याचाच दक्षिणभाग गणला जाई, आणि १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ‘रत्नागिरी दक्षिण’ या नावाने त्याने काँग्रेसचे मोरेश्वर दिनकर जोशी यांना निवडून दिले होते. पुढच्या पाच वर्षांत मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने वातावरण असे पालटले की, गिरणगावात झालेल्या सभेचा प्रतिध्वनी चार दिवसांत मालवणच्या बाजारात उमटू लागला. कारण ज्या घरचा कर्ता पुरुष परळ-लालबागच्या खोलीत राहून दरमहा मनिऑर्डर पाठवीत असे, त्या घराचे राजकारण टपालाबरोबरच येत असे.

तथापि नाथ पै यांच्या विजयाचे सारे श्रेय त्या लाटेला देणे मला अन्यायाचे वाटते. लाट १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन होताच ओसरली आणि १९६२ मध्ये राज्यातील ४४ जागांपैकी ४१ काँग्रेसकडे गेल्या, तरीही राजापूरने आपला प्रजासमाजवादी प्रतिनिधी बदलला नाही. १९६७ मध्येही बदलला नाही. वेंगुर्ल्यात जन्मलेला, बेळगावात शिकलेला, बेचाळीसच्या आंदोलनात कारावास भोगून पुढे विलायतेत बॅरिस्टर झालेला हा मनुष्य धनाढ्य नव्हता, त्याच्यापाशी साखर कारखाना नव्हता, सहकारी बँक नव्हती, आणि बहुसंख्य समाजाचे संख्याबळही नव्हते. त्याच्यापाशी होती ती वाणी. आणि ती वाणी ज्यांच्यासमोर उभी राहिली ते श्रोते साधे नव्हते, ही गोष्ट कोकणाबाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही.

हे श्रोते समजून घ्यायचे तर एखाद्या जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात बसले पाहिजे. मांडवात एक बाक, त्यामागे पडदा, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज, एवढ्या सामग्रीवर दशावताराचा खेळ उभा राहतो. नटाच्या हाती लिहिलेली संहिता नसते. कथानक तेवढे ठरलेले असते आणि संवाद त्याला तिथल्या तिथे, समोरच्याचे वाक्य झेलून रचावे लागतात. पहाटेपर्यंत घोंगडी लपेटून बसलेला शेतकरी त्या प्रत्येक वाक्याची पारख करीत असतो : शब्द कोठे घसरला, युक्तिवाद कोठे लंगडा पडला, राजाच्या तोंडी राजाला शोभेल असे बोलणे आले की नाही. त्याच देवळात सणासुदीला गावकर देवासमोर उभा राहून गाऱ्हाणे घालतो, गावाची सारी दुःखे आणि मागण्या एका श्वासात मांडतो, आणि जमलेली मंडळी प्रत्येक विरामाला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्यावर आपली मोहोर उठवितात. ज्या समाजाला दुसऱ्याच्या मुखाने आपले गाऱ्हाणे नीट मांडले गेले की नाही हे ओळखण्याची अशी पिढीजात सवय आहे, त्याने दिल्लीच्या सभागृहात आपले गाऱ्हाणे घालण्यासाठी नाथ पै यांची निवड करावी, यात नवल ते काय? हा मतदारसंघ कानाने मत देणारा होता असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

आणि नाथ पै यांनी त्या निवडीचे सार्थक केले. गोवामुक्तीचा प्रश्न असो, सीमाभागाचा असो की सरकारी नोकरांच्या हक्कांचा, त्यांचे भाषण ऐकण्यास विरोधी मताचे सभासदही थांबत. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल देऊन मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार नाकारला, तेव्हा तो अधिकार पुनःस्थापित करणारे खासगी विधेयक मांडणारा सभासद राजापूरचा होता. ते विधेयक त्यांच्या हयातीत संमत झाले नाही. त्याच आशयाची चोविसावी घटनादुरुस्ती १९७१ च्या अखेरीस झाली, आणि नाथ पै त्याच वर्षीच्या १८ जानेवारीला, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, बेळगावात निवर्तले होते. सीमालढ्यातील हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी ते आदल्याच दिवशी तेथील सभेत बोलले होते.

लोकसभा त्यापूर्वीच विसर्जित झालेली होती आणि निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. त्या रिक्त जागी आलेले मधु दंडवते जन्माने अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे. वक्तृत्वाचा तो मोहोर त्यांच्यापाशी नव्हता, परंतु वर्गात सिद्धांत मांडावा तशा निर्लेप सरळपणाने मुद्दा मांडण्याची हातोटी होती. इंदिरा गांधींच्या त्या प्रचंड विजयात देशभर प्रजासमाजवादी पक्षाच्या पदरी जेमतेम दोन जागा पडल्या, त्यांतली एक राजापूरची. पुढे आणीबाणीत बेंगळूरच्या तुरुंगवासातून सुटून आलेल्या या प्राध्यापकाला १९७७ मध्ये, १९८० मध्ये आणि १९८४ च्या सहानुभूतीच्या महापुरातही कोकणाने सोडले नाही. त्या १९८४ साली महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी ४३ काँग्रेसने जिंकल्या आणि जनता पक्षाला राज्यात मिळालेली एकमेव जागा हीच होती.

या निष्ठेची परतफेड कोकणाने रेल्वेच्या रूपात मागितली, हेही सांगितले पाहिजे. मुंबईहून सावंतवाडीस जायचे म्हणजे एक तर आगबोटीत बसून देवगड, मालवण, वेंगुर्ले असे बंदर गाठायचे, नाही तर एस.टी.च्या लाल गाडीत रात्रभर वळणे मोजायची. पावसाळ्यात बोटी बंद, आणि दरड कोसळली की रस्ताही बंद. लोहमार्गाची मागणी नाथ पै यांनी लावून धरली होती. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा साऱ्या देशाने त्यांना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांची गादी घालणारा मंत्री म्हणून ओळखले, आणि कोकणाने आपल्या आशेचे दार किलकिले झालेले पाहिले. १९८६ मध्ये रूळ रोह्यापर्यंत येऊन थबकले. अखेर १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले; ५१ टक्के भांडवल केंद्राचे आणि उरलेले महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ या राज्यांचे, अशी तजवीज करून ई. श्रीधरन यांच्या हाती काम सोपविण्यात आले.

दुसऱ्याच वर्षी, १९९१ च्या निवडणुकीत, दंडवते पराभूत झाले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. या पराजयाबद्दल कोकणी माणसाला कृतघ्न म्हणणारे मी ऐकले आहेत आणि मला तो आक्षेप कधीच पटलेला नाही. चाकरमान्याचे मुंबईतले जग १९८२ च्या गिरणीसंपानंतर मोडून पडले होते. ज्या मिल कामगाराच्या टपालातून समाजवादी विचार गावी येत असे तो बेकार झाला होता, आणि त्याच्या मुलाची ऊठबस आता शिवसेनेच्या शाखेत होती. मनिऑर्डर पाठविणारा हात बदलला, तसे तिच्याबरोबर येणारे राजकारणही बदलले. १९९६ पासून सलग चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू येथून निवडून गेले. वाजपेयी मंत्रिमंडळात त्यांनी ऊर्जाखाते सांभाळले आणि पुढे २०१४ मध्ये, राज्यसभेच्या वाटेने, ते रेल्वेमंत्रीही झाले. रेल्वेवाचून राहिलेल्या मुलखाच्या दोन प्रतिनिधींनी रेल्वेभवनात बसावे, हा योग मला विलक्षण वाटतो.

पुनर्रचनेत राजापूरला चिपळूण-रत्नागिरीची जोड मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा नवा मतदारसंघ झाला. २००९ मध्ये तेथून काँग्रेसचे निलेश राणे, २०१४ व २०१९ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत आणि २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाचे नारायण राणे विजयी झाले. राजापूर हे नाव आता विधानसभेच्या यादीपुरते उरले आहे.

संपूर्ण कोकणमार्गावरून गाडी २६ जानेवारी १९९८ रोजी धावली. नव्वदांहून अधिक बोगद्यांच्या त्या वाटेवर, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा काळोख मागे टाकून गाडी दक्षिणेकडे उतरते. गणपतीच्या दिवसांत दाराशी उभे राहायलाही जागा नसते. मांडीवर मूल, पायाशी मखराच्या सामानाचे बोचके घेऊन माणसे बसल्या बसल्या पेंगत असतात. आणि मग बाहेरच्या ध्वनिक्षेपकावरून ‘राजापूर रोड’ हे शब्द येतात, तेव्हा डब्यातली अर्धी माणसे झोपेतून दचकून उठतात आणि आपापली पिशवी चाचपू लागतात.