शब्दांची रिकामी घरे

मद्रास शहराचे नाव इंग्रजीत सहा अक्षरांनी लिहिले जाते : एम, ए, डी, आर, ए, एस. या सहा अक्षरांची उलथापालथ केली की ‘ड्रामाज’, म्हणजे नाटके, हा शब्द तयार होतो. हेच दोन शब्द देवनागरीत लिहून पाहावेत. त्यांचे परस्परांशी काही गोत असेल अशी शंकाही येत नाही. १९९६ मध्ये मद्रासचे चेन्नई झाले. तरीही कोडे रचणाऱ्याच्या पोतडीत मद्रास शिल्लक राहिलेच, कारण त्या नावाचे रंगीबेरंगी सुती कापड इंग्रजी शब्दकोशांत ठाण मांडून बसले आहे.

शब्दकोड्याचा जन्म न्यूयॉर्कचा. आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी तेथील ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्रात पहिले कोडे छापले. इंग्लंडात गेल्यावर सरळ अर्थ विचारण्याऐवजी आडवळणाने सुचविण्याची रीत त्यात आली आणि पुढे हिंदुस्थानातील इंग्रजी वृत्तपत्रांनी ती उचलली. मद्रासच्या ‘द हिंदू’ या दैनिकात सत्तरच्या दशकात अशी कोडी रचणारे गृहस्थ होते अ‍ॅडमिरल रामदास कटारी. मुंबई बंदरातील ‘डफरिन’ या शिक्षणनौकेवर १९२७ साली दाखल झालेल्या पहिल्या तुकडीतले हे छात्र १९५८ मध्ये भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. निवृत्तीनंतर या दर्यावर्दीने आडव्या-उभ्या घरांचा व्याप पत्करला आणि १९८३ मध्ये निधन होईपर्यंत तो चालविला. एके काळी राज्यकर्त्यांची म्हणून दबकत शिकलेली भाषा, आणि तिच्यातील शब्दांची मोडतोड करून सकाळच्या कॉफीबरोबर वाचकांपुढे ठेवणारा माणूस आपल्यातलाच! एखादी भाषा आपलीशी झाली हे तिच्यात खेळता येऊ लागले म्हणजे कळते; व्याकरणाच्या परीक्षेवरून ते तितकेसे कळत नाही.

या कोड्याचा सांगाडा बहुधा पंधरा बाय पंधरा, म्हणजे २२५ घरांचा असतो. त्यांतील काही घरे काळी. प्रत्येक सूचक वाक्याच्या शेवटी कंसात एक आकडा असतो आणि उत्तराची अक्षरसंख्या त्यावरून कळते. हा आकडा किती मोलाचा आहे ते ‘नाइट’ या शब्दावरून ध्यानात येईल. कानाला हा एकच शब्द. पण पाच अक्षरांचा असेल तर रात्र, आणि आरंभी न उच्चारला जाणारा ‘के’ जोडून सहा अक्षरांचा असेल तर मध्ययुगीन शूर सरदार.

आता असे समजावे की सूचना आहे : ‘मद्रासमध्ये गोंधळ, आणि नाटके सुरू’, अक्षरे सहा. ‘गोंधळ’ हा अक्षरे विस्कटण्याचा इशारा आणि ‘नाटके’ हा अर्थ. सहा अक्षरांत ‘ए’ दोनदा येत असल्यामुळे त्यांच्या मांडण्या ३६० होतात. त्या सगळ्या कागदावर उतरविणारा मनुष्य दुपारपर्यंत उठायचा नाही. अनुभवी माणूस आधी छेदणारे शब्द सोडवितो. तिसऱ्या घरात उभ्या शब्दातून ‘ए’ उतरला की ‘मद्रास’ आपोआप बाद होते, कारण त्याचे तिसरे अक्षर ‘डी’ आहे. ‘क्यू’ मिळाला तर पुढचे घर बहुतेक ‘यू’चे, शेवटी ‘एस’ असेल तर अनेकवचनाचा संशय घ्यावा. शब्दकोश मात्र येथे फारसा कामाचा नाही. तो शब्दाला डोक्याने ओळखतो, आणि सोडविणाऱ्याच्या हाती लागलेले असते ते पोट किंवा शेपूट! म्हणून अक्षरसंख्येनुसार शब्द लावलेल्या याद्या निघाल्या. आता संगणक हे काम करतो. त्याची युक्ती साधी आहे : प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून ठेवावयाची. तसे केले की ‘मद्रास’ आणि ‘ड्रामाज’ दोघांचीही खूण एकच निघते : ए, ए, डी, एम, आर, एस.

मराठी शब्दकोड्यात असे उकलणे सोपे नाही. आपल्या घरात स्वर आणि व्यंजन वेगळे राहत नाहीत; काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर यांसह सारे कुटुंब एका घरात नांदते. ‘मद्रास’ला आपल्याकडे तीनच घरे लागतात. मधल्या ‘द्रा’ला छेद द्यावयाचा तर ‘मुद्रा’, ‘निद्रा’, ‘हरिद्रा’ अशांचीच आराधना करावी लागते. ‘समुद्र’ जवळ येऊनही एका कान्यासाठी परत जातो. उलट, ‘नवजीवन’ दोन्हीकडून सारखे वाचता येते, ही सोय याच अक्षरपद्धतीची.

अक्षरांशी असे बंधन घालून खेळणे दक्षिणेला नवे नाही. पल्लवांच्या कांचीशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्ताचा ओठ प्रियेने चावल्यामुळे दुखत असतो, म्हणून तो आपली हकीकत प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. बारामतीच्या मोरोपंतांनी तर याच अटीवर निरोष्ठ रामायण रचले. त्यात ‘राम’ हे नावच उच्चारता येत नाही. रघुनायक, राघव अशा दुसऱ्या नावांनी हाक मारावयाची, आणि तीही वृत्तातील जागा मोजून!