पासपोर्ट कुणाच्या खिशात?

निमोण्याच्या आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. सातबाऱ्याचे उतारे, वडिलांच्या वेळचे खरेदीखत, वाटपाचे कागद, सोसायटीच्या पावत्या, पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले असे सगळे तिच्यात. पेटीची किल्ली वडिलांनी कधी कुणाला दिली नाही. तलाठ्याला एखादा कागद पाहायचा असला, तर ते स्वतः पेटी उघडत, कागद दाखवत आणि तो परत आत गेल्याशिवाय चहा मागवत नसत. अशा घरात वाढलेल्या माणसाने परदेशात उतरल्या उतरल्या आपला पासपोर्ट दुसऱ्याच्या पिशवीत टाकावा, याचे मला अजून आश्चर्य वाटते. तो माणूस मीच.

शेतकऱ्यांच्या एका अभ्यास दौऱ्याबरोबर मी नेदरलँड्सला गेलो होतो. काचेच्या घरांतली फुलशेती आणि कांद्याची साठवण पाहायची होती. विमानतळाबाहेर पडताच दौरा नेणाऱ्याने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले. "इथं खिसेकापू फार आहेत, गुरुजी. तुमच्याकडून हरवण्यापेक्षा माझ्याकडं राहू द्या." आम्ही अकरा जणांनी दिले. बारामतीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराने मात्र दिला नाही, आणि दोन दिवस आम्ही त्याची शंकेखोर म्हणून थट्टा केली. तिसऱ्या दिवशी रेल्वे स्टेशनच्या बाकावरून ती पिशवी गेली. ठरल्या दिवशी ठरल्या विमानाने परत आला तो एकटा बागायतदार.

पासपोर्ट हरवला म्हणजे नेमके काय हरवते, हे मला तेव्हा कळले. पैसे हरवले तर कुणी उसने देतो. पासपोर्टच्या आत व्हिसा चिकटवलेला असतो, देशात कोणत्या तारखेला शिरलो त्याचा शिक्का असतो. म्हणजे आपण कोण आहोत आणि इथे कायदेशीरपणे आहोत, हे दोन्ही पुरावे एकदम जातात. पहिले काम पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घेणे. ती प्रत घेऊन भारतीय वकिलात गाठायची. आमच्या बाबतीत ती हेग शहरात होती. नवा पासपोर्ट वकिलातही देते, पण त्याला वेळ लागतो. ज्याला फक्त घरी परतायचे आहे, त्याला इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळते. त्यावर एकदाच आणि फक्त भारतात येता येते. वाटेत दुसरा देश पाहायला उतरू म्हटले तर जमत नाही. काही देशांत, विशेषतः आखातात, एवढ्यानेही भागत नाही. त्या देशाच्या खात्याकडून बाहेर पडण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

वकिलातीतल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पासपोर्टची झेरॉक्स आहे?" माझी झेरॉक्स होती, त्याच पिशवीत. मूळ कागद आणि त्याची नक्कल एकाच ठिकाणी ठेवणाऱ्याला काय म्हणावे! शेवटी घरी फोन लावला. सूनबाईने पेटी उघडली. पासपोर्ट काढताना जोडलेल्या कागदांची एक जादा प्रत सातबाऱ्याखाली पडलेली होती, तिचा फोटो तिने पाठवला. पहिले पान आणि शेवटचे पान, दोन्ही लागतात. पहिल्या पानावर फोटो, नंबर आणि तारखा असतात; शेवटच्या पानावर आईवडिलांची नावे, पत्ता आणि फाइल नंबर. ज्यांच्या घरी अशी प्रत नव्हती, त्यांची ओळख पटवण्यात आणखी दिवस गेले.

मध्येच पिशवी सापडल्याचा निरोप आला. आत दोन पासपोर्ट शिल्लक होते. त्यातल्या एकाचा मालक हरखून विमानतळाकडे निघाला होता, त्याला वकिलातीने थांबवले. हरवल्याची नोंद झाली की तो पासपोर्ट रद्द होतो, आणि अशा पासपोर्टांची माहिती इंटरपोलच्या यादीत जाते. ही यादी २००२ पासून चालू आहे. सापडला म्हणून तोच दाखवायला जाल, तर आपलाच पासपोर्ट चोरीचा ठरून आपणच खोळंबाल. म्हणून तक्रार करण्याआधी बॅगेचा प्रत्येक कप्पा एकदा नीट पाहावा. मात्र नाही सापडला, तर तक्रारीला एक तासही उशीर करू नये.

गावी परतल्यावर माझ्या डोक्यात प्रश्न राहिला तो चोराचा नव्हता. आपण तो दिला का, हा होता. कायदा पाहिला तर पासपोर्ट आपलाही नसतो. १९६७च्या पासपोर्ट कायद्याच्या १७व्या कलमानुसार तो कायम केंद्र सरकारची मालमत्ता असतो, आपण फक्त धारक. हे वाचून काहींना वाटते, मग साहेबाने ठेवला तर काय बिघडले? बिघडते ते असे, की सरकारची वस्तू अडकवून ठेवण्याचा अधिकारही ज्याला त्याला नाही. २००८ साली सुरेश नंदा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पोलिसांनी पासपोर्ट हाती घेतला तरी तो अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट कायद्याखालच्या अधिकाऱ्याचाच आहे. जे सीबीआयला जमत नाही, ते टूरवाल्याला किंवा कंपनीच्या मॅनेजरला कुठून जमणार?

एके काळी हा प्रश्नच नव्हता. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेल्या, तेव्हा आजच्यासारखी पासपोर्टची सक्ती नव्हती. आपल्याकडे ती आली पहिल्या महायुद्धात, १९१७च्या नियमांनी. युद्ध संपले, सक्ती राहिली.

आता आखाताकडे वळतो, कारण खरा घोर तिकडे आहे. आमच्या शेजारच्या गावचा एक ड्रायव्हर तिकडे नोकरीला होता. पोहोचल्या दिवशीच पासपोर्ट ऑफिसात जमा. दोन वर्षांनी आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला, तेव्हा त्याला उत्तर मिळाले, "साहेब सुट्टीवर आहेत, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे." तो घरी पोहोचला तेव्हा दहावा होऊन गेला होता. मला हे सांगताना तो साहेबावर चिडला नाही. म्हणाला, "तिकडं रीतच आहे, गुरुजी. सगळेच देतात."

रीत आहे हे खरे, कायदा मात्र तसा नाही. कतारमध्ये २०१५च्या कायद्याने कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणाऱ्या मालकाला २५,००० रियालपर्यंत दंड आहे. अमिरातीतही मालकाला तो ठेवता येत नाही. तरीही ठेवले जातात, कारण पासपोर्ट हातात असला की माणूस हातात राहतो. न्हावऱ्याच्या कारखान्याला येणाऱ्या ऊसतोड टोळ्या पाहत मी मोठा झालो. मुकादमाची उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, हे आम्हाला शिकवावे लागले नाही. पण त्याच पद्धतीला दुसऱ्या देशात 'ऑफिसचा नियम' म्हटले, की आमची पोरे मान डोलावतात.

१९९०च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा या रीतीची किंमत एकदम दिसली. मालक देश सोडून पळाले होते आणि अनेक भारतीयांचे पासपोर्ट त्यांच्या कपाटांत अडकले होते. सुमारे १,७०,००० भारतीयांना तिथून बाहेर काढले गेले, बहुतेकांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे. ज्यांच्यापाशी पासपोर्ट नव्हते, त्यांना प्रवासाचे तात्पुरते कागद द्यावे लागले.

मालकाने मागितलाच तर काय करावे? व्हिसाच्या किंवा राहण्याच्या परवान्याच्या कामासाठी काही दिवस द्यावा लागतो, तेवढा द्यावा. पण तारखेसह लेखी पोच घ्यावी आणि तिचा फोटो घरी पाठवावा. परत मिळाला नाही, तर वकिलातीला कळवावे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार गावात बसून घरच्यांनाही नोंदवता येते. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद असते. आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. एजंट ती टाळून पर्यटक व्हिसावर पाठवतो म्हणाला, तर तिथेच उठावे. पुढे पासपोर्ट अडकला, तर दाद मागताना हाती धड करारही नसतो.

हौशी प्रवाशाला एवढा घोर नाही. हॉटेलवाला पासपोर्ट मागतो तो नोंदीसाठी. नोंद होईपर्यंत समोर उभे राहावे. भाड्याच्या मोटारसायकलीसाठी तारण म्हणून तो कधीच ठेवू नये. खोलीतल्या तिजोरीत ठेवून झेरॉक्स घेऊन फिरा, हा सल्ला बहुतेक ठिकाणी ठीक. पण जपानमध्ये पाहुण्याने मूळ पासपोर्ट सतत जवळ बाळगावा असा कायदाच आहे. जाण्याआधी त्या देशाचे विचारून घ्यावे. अंगावर ठेवायचा तर शर्टाच्या आत, गळ्यातल्या चपट्या पिशवीत. आमच्या बंडीच्या आतल्या खिशाची अक्कल याहून वेगळी नव्हती.

रांजणगावच्या एका कंपनीतला आमच्या भावकीतला मुलगा परवा प्रशिक्षणासाठी कोरियाला निघाला. दोन्ही पानांची झेरॉक्स त्याने माझ्याकडे आणून दिली आणि मी ती पेटीत ठेवली. निघताना त्याने विचारले, "पण काका, टीम लीडरनं सगळ्यांचे मागितले तर? एकटा मीच नाही कसा म्हणू?" मी त्याला त्या द्राक्षवाल्याची गोष्ट सांगितली. तो हसला, पण नक्की काही बोलला नाही.