कोबाल्ट सुटलं, चुंबक अडलं

कांगोमधल्या कोलवेझी शहरात कासुलो नावाची वस्ती आहे. २०१४ मध्ये तिथं एका घराजवळ खणताना कोबाल्टचं खनिज लागलं आणि बघता बघता लोकांनी अंगणात, घरातल्या जमिनीतही खड्डे पाडले. उभ्या विहिरीसारखं खाली उतरायचं, मग आडवं खणत शेजाऱ्याच्या घराखाली जायचं. वर आलेली पोती मुसोम्पोच्या बाजारात न्यायची. तिथं चिनी व्यापारी हातातलं यंत्र लावून माल किती कसाचा ते सांगणार, भावही तेच ठरवणार. खणणाऱ्याकडे यंत्र नाही, मग हुज्जत घालणार कशाच्या जोरावर? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या वस्तीतल्या माणसांच्या अंगात जवळच्या वस्तीपेक्षा कितीतरी जास्त कोबाल्ट सापडलं, मुलांच्या तर विशेष.

ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेनं २०१६ च्या जानेवारीत या खाणींतली बालमजुरी चव्हाट्यावर मांडली. हे कोबाल्ट बॅटरीत वापरणाऱ्या कंपन्यांनी खेद व्यक्त केला, समित्या नेमल्या. पण माझ्या मते त्यांना खरं झोंबलं ते २०१८ मध्ये, कोबाल्टचा भाव टनाला ९० हजार डॉलरच्या वर गेला तेव्हा! इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतलं कोबाल्ट कमी करून निकेल वाढवण्याची घाई त्यानंतर आणखी वाढली.

ते आगीतून फुफाट्यात पडणं ठरलं. इंडोनेशियानं २०२० पासून कच्च्या निकेलची निर्यात बंद केली. धातू हवा तर इथंच येऊन गाळा, असा खाक्या. सुलावेसीतल्या मोरोवालीत आणि हालमाहेरा बेटावर कारखाने उभे राहिले, जंगलं तुटली आणि भट्ट्यांसाठी कोळशावरची खास वीजकेंद्रं बांधली गेली. धूर नसलेल्या गाडीचा धूर असा आधीच निघून गेलेला. मार्च २०२२ मध्ये तर लंडनच्या बाजारात निकेल टनाला १ लाख डॉलरच्या पुढे गेलं आणि व्यवहारच थांबवावे लागले.

मग लोह-फॉस्फेटची बॅटरी पुढे आली. तिच्यात कोबाल्ट नाही, निकेलही नाही. ही वाट चांगलीच, पण त्या बॅटऱ्याही जवळपास साऱ्या चीनमध्येच बनतात. बॅटरीला लागणारं लिथियम जम्मू-काश्मीरमधल्या रियासीत सापडल्याचा २०२३ मध्ये मोठा गाजावाजा झाला, पुढच्याच वर्षी पुरेसे बोलीदार नाहीत म्हणून लिलाव रद्द झाला.

आणि शेवटी गाडी अडली ती बॅटरीपाशी नव्हेच, मोटारीतल्या चुंबकापाशी. एप्रिल २०२५ मध्ये चीननं डिस्प्रोसियम, टर्बियमसारखी सात दुर्मिळ मृदामूलद्रव्यं आणि त्यांची चुंबकं निर्यात-परवान्याखाली आणली. जुलैत पुण्याच्या बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी ऑगस्टमध्ये आपल्या इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असं सांगितलं. कांगोची बातमी वाचून हळहळणाऱ्या पुण्याला ही टंचाई एकदम घरची झाली. वास्तविक केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत चुंबकाला लागणारी निओडिमियमसारखी मूलद्रव्यं आहेत. आयआरईएल ही सरकारी कंपनी ती वेगळीही करते, पण त्यापासून मोठ्या प्रमाणावर चुंबक बनवणारे कारखाने देशात नव्हते. काही माल जपानला जात होता. वर्षाला ६,००० टन चुंबकांच्या कारखान्यांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना केंद्रानं मंजूर केली ती नोव्हेंबर २०२५ मध्ये.